ह्याची गुरं कुठं हायती?

आजोळच्या घराचा सोपा नुकताच सारवलेला होता आणि बाहेर माणदेशातलं मे महिन्याचं ऊन होतं. मी पालथी पडून एक इंग्रजी कॉमिक वाचत होते. मामा मुंबईहून येताना रद्दीवाल्याकडून अशी पुस्तकं वजनावर आणायचा. कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाची शेवटची चार पानं. या पुस्तकातला नायक पांढऱ्याशुभ्र घोड्यावर बसून बँक लुटणाऱ्यांच्या मागे लागला होता. गावातली गुरं राखणारे आबा दुपारी आमच्याकडे पाणी प्यायला यायचे. ओढ्याकाठच्या लिंबाखाली गुरं बसवायची, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घ्यायचा आणि भिंतीला टेकून घटकाभर डोळे मिटायचे, असा त्यांचा नेम. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. "काय वाचतीस, बघू," म्हणाले आणि पुस्तक हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. दाव्यांनी घट्टे पडलेल्या बोटांनी त्यांनी पहिल्या पानापासून एकेक चित्र बघायला सुरुवात केली. घोड्यापाशी थांबले. "घोडं ब्येस काढलंय," म्हणाले. मग विचारलं, "ह्यो कोन?" मी म्हटलं, "आबा, हा काउबॉय. म्हणजे तिकडचा गुराखी."

ते पुन्हा पहिल्या पानावर गेले. सावकाश, शेवटपर्यंत. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "मग ह्याची गुरं कुठं हायती?"

मी पानं उलटली. बँक होती, दारूचा गुत्ता होता, धूळ उडवत जाणारी घोडागाडी होती, पिस्तुलं तर पानोपानी होती. गाय एकही नव्हती. "आन ह्या घोड्याला पाणी कुठं पाजलं ह्यानं? सकाळधरनं पळवतुया," असं म्हणून आबा उठले, डोक्याला पटका गुंडाळला आणि गुरांकडे गेले. त्यांनी चेष्टेने विचारलं नव्हतं. एका गुराख्याने दुसऱ्या गुराख्याच्या कामाची चौकशी करावी, तसं विचारलं होतं. त्यामुळेच तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. नंतर मी ही जुनी वेस्टर्न कॉमिक्स फार वाचली, हुडकून, जपून, पैसे साठवून. प्रत्येक पुस्तकात माझी नजर आधी गुरं शोधते.

त्या साहसकथांवर माझं प्रेम होतं आणि आहे. १९४० आणि ५० च्या दशकांतली ती डेल कंपनीची दहा सेंटवाली पुस्तकं हातात घेतली की आधी कागदाचा वास येतो, जुन्या कपाटाचा आणि थोडा ओलीचा. कागद पिवळा पडलेला असतो, रंग ठिपक्याठिपक्यांचे. डोळ्यांजवळ धरलं तर नायकाचा गाल गुलाबी ठिपक्यांत विरघळून जातो. रॉय रॉजर्स आणि जीन ऑट्री हे पडद्यावरचे गाणारे काउबॉय, त्यांच्या पुस्तकांवर त्यांचे फोटो असत, दात चमकणारे, शर्टाला कडक इस्त्री. लोन रेंजर मुखवट्यातला. त्याच्या घोड्याला, सिल्व्हरला, स्वतःचं वेगळं कॉमिक होतं. रॉय रॉजर्सच्या ट्रिगरला होतं आणि जीन ऑट्रीच्या चँपियनलाही. घोड्याच्या नावावर पुस्तक खपावं इतकं प्रेम घोड्यांना मिळालं. गाईच्या वाट्याला मात्र पुस्तक आलं नाही. ती कथेत असते ती पहिल्या चौकटीत, क्षितिजावरच्या तपकिरी ढगासारखी. चोर येतात, ढग हाकून नेतात, नायक चोरांच्या मागे लागतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, जनावरं परत मिळाली. ती तहानलेली होती का, त्यांतली किती लंगडत होती, हे कुणी विचारत नाही.

त्याचं एक कारण अगदी व्यवहाराचं असावं. पानामागे मोबदला घेणाऱ्या चित्रकाराने एका चौकटीत दोनशे शिंगं काढायची म्हटलं तर त्याचा दिवस जाणार. घोड्यावरचा एक माणूस आणि मागे एक डोंगर काढला की काम भागतं. दुसरं असं की, या कथा काढणारे बरेचसे लोक न्यूयॉर्कचे होते. १९६० मध्ये रॉहाइड किड हा काउबॉय नायक नव्याने उभा करणारा चित्रकार जॅक कर्बी मॅनहॅटनच्या दाटीवाटीच्या वस्तीत वाढलेला. अमेरिकेची पश्चिम त्याला भेटली ती थिएटरच्या अंधारात. म्हणूनच त्याच्या चौकटीत एक ठोसा बसला की माणूस पानाबाहेर पडेल असं वाटतं, पण गुरांची धूळ नाकात जात नाही. त्याआधीच्या दशकात तर वेस्टर्नला मागणीच इतकी होती की १९५१ मध्ये 'ऑल-स्टार कॉमिक्स' मधले सुपरहिरो बाजूला झाले आणि त्याच क्रमांकाच्या मालिकेत पुढचा अंक 'ऑल-स्टार वेस्टर्न' म्हणून निघाला. पुढे १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, प्रत्येक कथेत चांगल्याचाच विजय झाला पाहिजे असं ठरलं, आणि नायक समोरच्याच्या हातातलं पिस्तूल तेवढं नेमकं उडवू लागले. रक्त नाही, जखम नाही. लहानपणी मला ते फार आवडायचं. जगात असं नेम धरून फक्त वाईटपणा उडवता येतो, असं त्या वयात वाटणं चांगलंच.

एक अपवाद मला प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. 'रेड रायडर' ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी १९३८ मध्ये सुरू झाली. ती काढणारा फ्रेड हार्मन हा कोलोरॅडोतल्या पगोसा स्प्रिंग्जचा, रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर, राहिलेला माणूस. त्याच्या घोड्यांचे गुडघे बघा. चढावर घोडा वजन कुठे टाकतो, खोगिराचा पट्टा सैल झाला की स्वार कसा बसतो, हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे रेड रायडरचं नाव पोचलं ते त्याच्या नावाच्या छर्‍यांच्या बंदुकीच्या जाहिरातीतून, ती जुन्या कॉमिक्सच्या मागच्या पानावर हमखास असायची. मला त्या बंदुकीपेक्षा त्याच्या चित्रातल्या कुंपणाच्या वाकड्या खांबांचं अप्रूप वाटतं. ते खांब कुणीतरी खरोखर रोवलेले वाटतात.

खरं काम काय होतं? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची लाखो गुरं मोकाट फिरत होती. तिथे एका जनावराला चार डॉलर मिळायचे आणि उत्तरेकडच्या बाजारात चाळीस. मधे रेल्वे नव्हती. १८६७ मध्ये जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या ॲबिलीन या छोट्या गावात रेल्वेलगत गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्सासहून तिथवर गुरं हाकत नेण्याचा धंदा फोफावला. अडीच हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा माणसं. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, त्याहून जास्त पळवलं तर जनावराचं वजन घटणार आणि वजन घटलं तर भाव घटणार. म्हणजे हे काम घोडा उधळण्याचं नव्हतंच, संथ चालण्याचं होतं. सगळ्यात नवख्या पोरांना कळपाच्या शेपटाशी ठेवत. तिथे हजारो खुरांची धूळ खायची आणि मागे पडलेल्या लंगड्या वासरांना पुढे ढकलायचं. गळ्यातला तो रंगीत रुमाल, जो कॉमिक्सच्या मुखपृष्ठावर वाऱ्यावर रुबाबात उडतो, तो त्या धुळीसाठी होता. महिन्याचा पगार पंचवीस ते चाळीस डॉलर. स्वयंपाक्याला बहुधा त्याहून जास्त, कारण त्याच्यावाचून कळप एक पाऊल पुढे जात नसे. चार्ल्स गुडनाइट या रँचवाल्याने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीला मागून खणांची पेटी बसवली. बीन्स, पीठ, कॉफी, सुई-दोरा, औषधं असं सगळं त्या पेटीत.

आणि रात्री गाणं. या गाण्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसले. दोघे स्वार झोपलेल्या कळपाभोवती उलटसुलट दिशांनी घोडे हळूहळू फिरवत आणि काहीतरी म्हणत राहत. गाणं येत नसेल तर प्रार्थना, तीही येत नसेल तर नुसताच सूर. अंधारात माणसाचा ओळखीचा आवाज येत राहिला की जनावर बुजत नाही. बुजलं तर वीज चमकावी तसा सगळा कळप उठून धावत सुटतो. आबांचाही एक आवाज होता, जिभेने टाळूवर वाजवलेला आणि शेवटी लांबवलेला. पाण्यावर नेताना वेगळा, घरी वळवताना वेगळा. खिल्लार जनावर तापट, परक्याला शिंग दाखवणारं. त्या आवाजाने मात्र वळायचं. रॉय रॉजर्सच्या पुस्तकातही गाणं होतंच, पण तो गिटार घेऊन माणसांसाठी गातो. गुरांसाठी गाणारा काउबॉय मला साहसकथेत भेटला नाही.

तो भेटला विनोदात.

हे कळायला मला फार वर्षं लागली आणि अजूनही मला त्याचं नवल वाटतं. ज्या पुस्तकांनी पश्चिमेला गंभीरपणे घेतलं, त्यांत काम नाही. ज्यांनी तिला हसून घेतलं, त्यांत काम आहे. खोगीर घासून मांडीला आलेले फोड, चिखलात रुतलेली गाय, थंडगार पहाटे पाठीवर बसू न देणारा घोडा, कॉफी पातळ झाली म्हणून रुसलेली माणसं. हसू येतं ते कामाला काम म्हणून ओळखणाऱ्यालाच.

या विनोदाचं मूळ शोधायचं तर मोंटानातल्या एका हिवाळ्यापाशी जावं लागतं. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला होता, कुरणं आधीच खरवडून संपली होती. त्यात हिमवादळं आली आणि लाखो गुरं मेली. एका कळपाच्या मालकाने पत्र पाठवून विचारलं, गुरं कशी आहेत? रँचवर बाविशीचा एक काउबॉय होता, चार्ल्स रसेल. त्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एकच बैल काढला. बरगड्या मोजता येतील असा, पाय बर्फात रुतलेले, मान खाली, आणि थोड्या अंतरावर वाट बघत बसलेले कोल्हे-लांडगे. पत्राचं उत्तर म्हणून ते चित्रच गेलं. चिनूक नावाचा उबदार वारा सुटला तरच बर्फ वितळणार, त्याची वाट बघणारा बैल म्हणून ते पुढे ओळखलं गेलं. गुरं कुठं आहेत, या प्रश्नाला इतकं खरं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मी पाहिलेलं नाही. हाच रसेल पुढे मोठा चित्रकार झाला, आणि मित्रांना पत्रं लिहायचा ती मजेदार चित्रांनी भरलेली असत. घोड्यावरून पडलेला काउबॉय, शहरात येऊन बावरलेला काउबॉय. काउबॉयच्या बैठकीतल्या थापांच्या गोष्टीही त्याने लिहिल्या. तो उपाशी बैल आणि ती मजेदार पत्रं एकाच हाताची आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रसेलनंतर व्यंगचित्रकार जे. आर. विल्यम्स. त्याचं 'आउट अवर वे' १९२२ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एका चौकटीत यायचं. विल्यम्सने तरुणपणी रँचवर, घोडदळात आणि यंत्रशाळेत काम केलेलं होतं आणि चित्रांतही ही सगळी माणसं आलटून पालटून येत. एक दिवस कारखान्याचा फोरमन, एक दिवस आईला जेरीस आणणारी पोरं, एक दिवस काउबॉय. त्याच्या काउबॉयच्या चित्रांत मी तासन्‌तास रमते. टोपीची कड घामाने काळी पडलेली असते. बूट टाचेकडे झिजलेला, आणि झिजलाही आहे तो एकाच अंगाला, कारण माणूस फेंगडा चालतो. पँटला गुडघ्यावर पडलेल्या सुरकुत्या वर्षानुवर्षं घोड्यावर बसल्याच्या. गाय तर अशी काढायचा की तिच्या डोळ्यातला हट्ट दिसावा. त्याच्या चित्रात पिस्तूल क्वचितच सुटतं. कुणीतरी दोर सोडवत असतं, कुणी बूट सुकवत असतं, कुणी नवख्याची फजिती बघत कडेला बसलेलं असतं. पैसा मिळाल्यावर या माणसाने ॲरिझोनात प्रेस्कॉटजवळ स्वतःची रँच घेतली. १९५७ मध्ये तो गेला. आज त्याचं नाव फार कुणी घेत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्याने घामाचा डाग कुठे पडतो ते नोंदवून ठेवलं, त्याला विसरायला नको होतं.

टेक्सासचा व्यंगचित्रकार एस रीड हा त्याच वाटेवरचा. त्याचं 'काउपोक्स' मला सगळ्यात जवळचं, कारण त्यात दुष्काळ आहे. १९५० च्या दशकात टेक्सासात वर्षानुवर्षं पाऊस पडला नाही आणि रीडचे जेक आणि झेब हे दोघे हाडकुळे गडी भेगाळलेल्या जमिनीवर उभे राहून आभाळाकडे बघतात, बँकेच्या कर्जाबद्दल बोलतात, कुंपणाला टेकलेल्या हाडांच्या सापळ्यांना गुरं म्हणतात. ही चित्रं कॅलेंडरांवर छापली जायची आणि ती कॅलेंडरं बँका आणि पशुखाद्याची दुकानं वाटायची. म्हणजे ज्या भिंतीपाशी उभं राहून कर्जाची मुदत वाढवून मागायची, त्याच भिंतीवर हे हसणं टांगलेलं. माझ्या आजोळी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी मोठी माणसं हसत सांगायची. चारा छावणीतल्या, खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या. सांगता सांगता एखादी म्हातारी पदर डोळ्याला लावायची आणि त्याच दमात पुढची गंमत सांगायची. रीडची चित्रं बघताना मला टेक्सास परका वाटत नाही, तो यामुळे.

आता लकी ल्यूक, युरोपातल्या विनोदी कॉमिक्समधला काउबॉय. इथे माझा वरचा सगळा सिद्धांत जरा डळमळतो, कारण त्याचा निर्माता मॉरिस हा बेल्जियन होता. ल्यूक १९४६ मध्ये जन्मला. दोन वर्षांनी मॉरिस अमेरिकेला गेला, काही वर्षं तिथे राहिला आणि तिथेच त्याची गाठ लेखक रने गोसिनीशी पडली. गोसिनी वाढलेला अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये. दोघांनी कुणी गाय हाकली असेल असं वाटत नाही. पण १९५५ ते १९७७, गोसिनीच्या मृत्यूपर्यंत, या दोघांनी जे केलं ते काम नीट बघितल्याशिवाय होत नाही. तारायंत्राच्या तारा कशा टाकल्या, घोडागाडीचे टप्पे कसे असत, नवखा इंग्रज गावात आला की काय होई, हे सगळं त्यांनी खणून काढलं आणि मग त्यावर हसू रचलं. 'द जज' या अल्बममध्ये, म्हणजे एका सलग गोष्टीच्या पुस्तकात, ल्यूक चक्क गुरं हाकत निघालेला आहे, टेक्सासातल्या ऑस्टिनहून न्यू मेक्सिकोतल्या सिल्व्हर सिटीकडे. अल्बम उघडला आणि तो कळप दिसला तेव्हा मला मोठ्याने आबांना हाक मारावीशी वाटली. वाटेत लँगट्री गावात जज रॉय बीन त्याला अडवतो, गुरं चोरल्याचा आरोप ठेवतो, कारण त्याचा डोळा कळपावर आहे. हा रॉय बीन खरा माणूस. पेकोस नदीच्या पश्चिमेला कायदा म्हणजे मीच, असं म्हणणारा, दारूच्या गुत्त्यातच न्यायदान करणारा. मुष्टियुद्धाला बंदी होती म्हणून १८९६ मध्ये त्याने जगज्जेतेपदाचा सामना रिओ ग्रँड नदीतल्या मेक्सिकोच्या हद्दीतल्या वाळूवर भरवला. अशा माणसाला गोसिनीला फार काही जोडावं लागलं नसेल.

'बार्ब्ड वायर ऑन द प्रेअरी' मध्ये तर भांडणच कामाचं आहे. काटेरी तारेचं पेटंट जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये घेतलं आणि मोकळ्या कुरणांचा काळ संपत आला. भाजीपाला पिकवणारा शेतकरी कुंपण घालतो आणि फक्त मांस खाणारे रँचवाले खवळतात. शेतकरी आणि गुरंवाला यांचा बांधावरचा तंटा कुठल्याही गावात कळेल. मॉरिसची चित्रं इथे जवळून बघण्यासारखी आहेत. गर्दी असली की तो अख्ख्या गर्दीला एकच रंग देतो, सगळेच्या सगळे निळे किंवा सगळे लाल, आणि बोलणारा एकटा पिवळ्यात. रात्रीच्या चौकटीत घोड्यासकट सगळं जांभळं. आणि कोपऱ्यात तो उंच, काळ्या कोटातला अंत्यविधीवाला, बोलाचाली सुरू झाली की टेप काढून माप घेणारा. आपल्या स्वावलंबी घोड्याशी, जॉली जंपरशी, ल्यूक बोलतो तेव्हा घोडाही त्याला उत्तर देतो. अल्बमच्या शेवटी ल्यूक मावळतीकडे एकटा गात निघतो, घर लांब आहे म्हणतो. ते गाणं मात्र मला गमतीचं वाटत नाही. हंगामापुरती नोकरी, पुढचा मुक्काम ठाऊक नाही, सगळी मालमत्ता खोगिराच्या पिशवीत. कामगाराचं गाणं आहे ते.

आपल्या देशातही हे काउबॉय नीट रुजले, फक्त मराठीत नाही. मराठीत इंद्रजाल कॉमिक्समुळे आमच्या पिढीला वेताळ मिळाला, जंगल मिळालं. पश्चिमेची कुरणं मिळाली ती तमिळ वाचकांना. शिवकाशीत, जिथे फटाके आणि कॅलेंडरं होतात, तिथूनच मुत्तु कॉमिक्स १९७२ पासून आणि पुढे लायन कॉमिक्स निघाली. इटलीचा टेक्स विलर, फ्रान्सचा ब्लूबेरी, लकी ल्यूक, सगळे तमिळ बोलू लागले. माझा मदुरैचा एक सहकारी टेक्सबद्दल असा बोलतो जसा तो त्याच्या आळीत राहायचा. टेक्स १९४८ चा, बोनेली आणि गालेप्पिनी यांचा, आणि तो नावाहो या आदिवासी लोकांचा सरदार आहे. सहकाऱ्याचं म्हणणं, तुमच्या हसणाऱ्या पुस्तकांत हे आहे का? त्यांत आदिवासी माणूस नीट उभा तरी राहतो का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. 'टम्बलवीड्स' ही टॉम रायनची १९६५ ची पट्टी मला हसवते, आणि त्यातल्या आदिवासी टोळीची चित्रं आली की तेच हसू अडखळतं. लोन रेंजरचा आदिवासी साथीदार टोंटो हुशार, धाडसी, त्याच्या नावाचं वेगळं कॉमिकही निघालं होतं, तरी त्याच्या तोंडी तुटकी भाषाच. लकी ल्यूकमधले काही चेहरे आज बघवत नाहीत. खऱ्या वाटेवर दर चार काउबॉयमधला एक कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि खोगीर, दोर, गुरं वळवण्याची सगळी विद्या मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली. कॉमिक्समध्ये ती माणसं जवळपास पुसलेली. डेलने १९६५ च्या शेवटी 'लोबो' काढलं, काल्पनिक कृष्णवर्णीय नायकाच्या नावाचं पहिलं अमेरिकन कॉमिक. नायक काउबॉयच. विक्रेत्यांनी गठ्ठे न उघडताच परत पाठवले आणि दुसऱ्या अंकानंतर ते बंद पडलं. गुरं काढायला वेळ लागतो हे मी समजून घेऊ शकते. हे समजून घेता येत नाही.

तरीही मी ही पुस्तकं टाकत नाही. स्टॅन लिंडच्या 'रिक ओ'शे' या चित्रपट्टीसारखं काही हातात आलं की का टाकत नाही ते कळतं. लिंड मोंटानातल्या क्रो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, मेंढ्यांच्या रँचवर वाढला. काउबॉयच्या गोष्टींत मेंढपाळ म्हणजे तुच्छतेचा धनी, आणि सगळ्यात मायेने काढलेलं काउबॉयचं गाव, कनिप्शन, या मेंढपाळाच्या पोराचं. त्याचा हिपशॉट हा बंदूकबाज फार थोडं बोलतो. नाताळाच्या दिवशी तो एकटा डोंगरात जातो आणि देवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, 'बॉस' म्हणून. डोंगर लिंडने रोज पाहिलेले. ते खोटे वाटत नाहीत.

हल्ली माझी भाची हे अल्बम वाचते. ती वाचत असताना मी शेजारी बसते, कारण ती थांबते तिथे बोलावं लागतं. परवा तिने विचारलं, "मावशी, हा चिनी माणूस प्रत्येक गावात कपडेच का धुतो?" मी तिला सांगितलं की ही माणसं सोन्यासाठी कॅलिफोर्नियात आली होती, परक्या खाणकामगारांवर कर लावून त्यांना खाणींतून हुसकावलं गेलं, आणि लाँड्रीला भांडवल थोडं लागायचं, तिथे त्यांच्याशी स्पर्धा करायला कुणी येत नव्हतं. आणि १८६९ मध्ये रेल्वे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जोडली गेली, तेव्हा सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून रूळ टाकणारे हजारो हात यांचेच होते. १८८२ मध्ये मात्र त्यांच्या मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. ती ऐकत होती. "मग रेल्वेच्या गोष्टीत हे लोक कुठे आहेत?" म्हणाली. तो अल्बम वरच्या फळीवर होता. स्टूल घेऊन तिने स्वतःच तो काढला आणि आम्ही पहिल्या पानापासून बघायला लागलो.